कानाने ओळखावयाचे इंग्रजी शब्द

(सिहोरा येथील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



इंग्रजीच्या श्रवणपरीक्षेविषयी मी या सभेत काही बोलावे अशी आपली इच्छा आहे, हे कळले तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, आणि पुढे पुष्कळ वर्षे प्राथमिक वर्गांना मी जे इंग्रजी शिकविले, त्यातील बराच भाग आज पुन्हा शिकविण्याचा योग आला तर निराळ्या रीतीने शिकवीन. तेव्हा जे सांगावयाचे ते अधिकाराने नव्हे. रस्त्यात एकदा ठेच लागलेल्या माणसाने मागून येणाऱ्यास दगड दाखवावा, इतकाच या भाषणाचा हेतू आहे.

ती ठेच कोणती, ते आधी सांगतो. मी पाचवीच्या वर्गावर असताना एकदा श्रवणाची चाचणी घेतली. उतारा चार वाक्यांचा होता. गाय झाडाखाली उभी आहे, मुलगा तिच्यासाठी पाणी आणतो, असा काहीसा त्याचा विषय. त्यात नवीन असा एकही शब्द नव्हता, सारे शब्द मुलांच्या वहीत लिहिलेले होते. वर्गात एक मुलगी होती. तिचे अक्षर मोत्यासारखे, आणि शब्दांची स्पेलिंगे तिला इतकी पाठ, की मी फळ्यावर चुकलो तर ती हळूच बोट वर करी. मी उतारा वाचला. इतर मुलांनी काही ना काही खरडले. ही मुलगी मात्र पेन्सिल हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत बसली. मी जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, स्पेलिंग सांगा ना, मग मी अर्थ सांगते.”

त्या क्षणी मला हसू आले. सायंकाळी घरी जाताना मात्र ते हसू मावळले. तिने सांगितले ते अक्षरशः खरे होते. ‘सी ओ डब्ल्यू काऊ, काऊ म्हणजे गाय’ अशी घोकणी मीच तिच्याकडून करून घेतली होती. त्या घोकणीत गायीपर्यंत जाणारी वाट तीन अक्षरांच्या नावांमधून जात होती. अक्षरे ऐकल्याशिवाय तिला ‘काऊ’ सापडत नव्हती, आणि परीक्षेत तर अक्षरे कोणीच उच्चारीत नाही. मी तिला शब्द दिला नव्हता, शब्दाचा पत्ता तेवढा दिला होता. वर्गातील सर्वांत कष्टाळू मुलीला सर्वांत कमी गुण मिळाले, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

ही गोष्ट केवळ एका वर्गाची असती तर आपला वेळ मी घेतला नसता. आपल्या राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्यापूर्वी मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. म्हणजे आज आपल्या हाती पूर्वीपेक्षा चार वर्षे अधिक आहेत, आणि ती वर्षे अशा वयातील आहेत की जेव्हा मुलाचा कान सर्वांत तल्लख असतो. पुढे माध्यमिक शाळेतही ऐकण्या-बोलण्याची कसोटी त्याची वाट पाहत असतेच. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांचे शाळांकडील वीस गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला आणि पुढील वर्षापासून ते गुण परत आले. हे गुण फुकटचे आहेत असे काही लोक म्हणतात. ज्या मुलाचा कान तयार नाही त्याच्या दृष्टीने ते फुकटचे नव्हेत, आणि ज्याचा तयार आहे त्यास ते पुढे महाविद्यालयात, नोकरीत, अनोळखी माणसाशी बोलताना उपयोगी पडतात. परदेशी शिक्षणासाठी जी आयईएलटीएस नावाची परीक्षा देतात, तिच्या श्रवणविभागात चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवितात. तेथे स्पेलिंग विचारण्याची सोय नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जो शब्द मुलास वाचता येतो तो ऐकता का येत नाही? मराठीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण आपल्या लिपीत अक्षर आणि ध्वनी पुष्कळ अंशी एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. इंग्रजीत तसे नाही, हे आपण सर्वजण जाणतो आणि म्हणूनच शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देतो. हा उपाय वाईट नाही. मीही तो वापरला आहे. परंतु त्याचे एक दुष्परिणामी अंग आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षर पूर्ण वजनाने उच्चारावयाचे, ही आपली सवय. ‘व्हेजिटेबल’ असे लिहिले की मूल पाचही अवयव सारख्या जोराने म्हणते. इंग्रजी बोलणारा माणूस मात्र पहिल्या अवयवावर जोर देतो आणि उरलेले अर्धे गिळतो, त्यामुळे ऐकू येते ते ‘व्हेज्टबल’. ‘कॅमेरा’चे ‘कॅम्रा’ होते, ‘चॉकोलेट’चे ‘चॉक्लिट’ होते. ‘पोलीस’ इतक्या झटकन म्हटले जाते की नवख्या कानास ते आणि ‘प्लीज’ सारखेच भासावेत. ‘अबाउट’, ‘अगो’, ‘अवे’ यांतला आरंभीचा ‘अ’ तर पुष्कळदा ऐकूच येत नाही. मूल वहीतील पूर्ण शब्दाची वाट पाहत राहते, आणि खरा शब्द त्याच्या कानाशेजारून निघून जातो.

म्हणजे जोर कोठे द्यावयाचा, ही इंग्रजी शब्दाची अर्धी ओळख आहे. मराठीत आपण एखादा शब्द ठासून म्हणतो तो भावनेसाठी. त्याने अर्थ बदलत नाही. इंग्रजीत ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत ऐकणाऱ्यास मुख्य आधार जोराचाच असतो. तेरा की तीस, पंधरा की पन्नास, हा प्रश्न श्रवणपरीक्षेत हमखास येतो. घड्याळ, वय, भाव, पानाचा क्रमांक, कोठेही तो दडलेला असतो. आपल्या भाषेत तेरा आणि तीस यांचा गोंधळ होण्याचे कारण नाही, म्हणून ही अडचण आपल्या सहज ध्यानात येत नाही. संख्यांच्या या जोड्यांवर पाच-सहा दिवस तोंडी सराव घेतला, तर तेवढ्यानेही फरक दिसू लागतो.

दुसरी अडचण शब्द एकमेकांस चिकटण्याची. आपल्या शाळेतील पहिलीचे मूलसुद्धा ‘स्टँडप’ म्हटल्याबरोबर उभे राहते. ते ‘स्टँड’ आणि ‘अप’ असे दोन शब्द आहेत, हे त्यास ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. ‘ॲन ॲपल’ हे ‘अनॅपल’ असे कानावर पडते, ‘ब्रेड अँड बटर’मधला ‘अँड’ केवळ ‘न्’ होऊन उरतो. मुलाने हे शब्द सुटे शिकले असतील तर जोडलेले ओळखता येत नाहीत. म्हणून नवा शब्द सुटा न देता लहान वाक्यात द्यावा. ‘बुक’ म्हणण्याऐवजी ‘ओपन युवर बुक’ म्हणावे. ‘रेन’ऐवजी ‘इट इज रेनिंग’ म्हणावे, आणि तेही खिडकीबाहेर पाऊस पडत असताना. आपल्याकडे पाऊस काही कमी पडत नाही.

ही फजिती आपल्याच मुलांची होते असे कोणी समजू नये. व्हिएतनाम देशाचे उदाहरण घ्या. त्या देशाची भाषा आज रोमन अक्षरांतच लिहितात. सतराव्या शतकात तेथे आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी ती लेखनपद्धती घडविली आणि विसाव्या शतकात ती सर्वत्र रूढ झाली. तेव्हा तेथील विद्यार्थ्यास इंग्रजी अक्षरे नव्याने गिरवावी लागत नाहीत. कोणास वाटेल की त्याचे काम किती सोपे! प्रत्यक्षात तो ओळखीच्या अक्षरांना आपल्याच भाषेचे ध्वनी देतो. त्याच्या भाषेत शब्द बहुधा एका अवयवाचे असतात, शेवटचे व्यंजन ओठांतच थांबते आणि जोडाक्षरांनी शब्द संपत नाहीत. त्यामुळे ‘बुक्स’मधला ‘स्’, ‘आस्क्ड’मधला ‘ट्’ त्याच्या कानातून निसटतो, आणि त्याबरोबर एकवचन-अनेकवचन आणि काळ हेही निसटतात. आपल्या मुलास शेवटच्या व्यंजनांचा असा त्रास होत नाही, कारण ‘हात’, ‘पाट’, ‘रस्’ असे व्यंजनान्त उच्चार आपण दिवसभर करतो. ज्याची भाषा जशी, तसा त्याचा कान. शिक्षकाने आपल्या मुलांचा कान कोणत्या भाषेने घडला आहे ते आधी पाहावे, आणि मग सराव ठरवावा.

या दृष्टीने आपल्या परिसराचा थोडा विचार करू. सिहोऱ्याच्या आसपासच्या गावांतील मूल घरी प्रमाण मराठी बोलत नाही, हे आपण जाणतो. कोणाच्या घरी झाडीबोली, कोणाच्या घरी पोवारी. बालाघाट जिल्ह्याची सीमा जवळ असल्यामुळे हिंदी तर बाजारात सर्वांच्याच तोंडी. झाडीबोलीचा अभ्यास करून साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचे वेगळेपण पुढे आणले, ते आपणांस ठाऊकच आहे. त्या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा होतो. आपण मराठीच्या तासाला या उच्चारांबद्दल मुलांना किती वेळा टोकतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. गंमत अशी की इंग्रजीतही ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. ज्या उच्चारांसाठी मुलाने मराठीच्या तासाला बोलणी खाल्ली, त्यांची इंग्रजीच्या तासाला काहीच अडचण होत नाही. त्यास हे जरूर सांगावे, त्याचा चेहरा खुलतो.

मात्र एक ठिकाण जपावयाचे आहे. झाडीबोलीत ‘श’ आणि ‘स’ यांत भेद राहत नाही. शेताचे सेत होते. इंग्रजीत हा भेद अर्थ बदलतो. ‘शी’ म्हणजे ती आणि ‘सी’ म्हणजे पाहणे, ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘सिप’ म्हणजे घोट. ज्या मुलाच्या घरी ‘श’ नाही त्यास हे दोन शब्द एकच ऐकू येतात. तो मंदबुद्धी आहे असे समजून आपण रागावतो, आणि तो गोंधळून आणखीच चुकतो. येथे रागावण्याने काही साधत नाही. दोन बाजूंस दोन चित्रे लावावीत, एका बाजूस जहाज, दुसऱ्या बाजूस पेल्यातून पाणी पिणारा मुलगा. गुरुजींनी शब्द उच्चारावा आणि मुलांनी त्या चित्राकडे बोट करावे. बोलून दाखविण्याची सक्ती पहिल्या आठवड्यात करूच नये. कानास भेद कळला की जीभ मागाहून वळते. माझा अनुभव असा की उलट क्रमाने फारसे साधत नाही.

काही अडचणी तर आपणा सर्व मराठी भाषकांच्या आहेत, आणि त्यांत गुरुजीही येतात. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो ते नियमाने. अंत्य इकार-उकार दीर्घ लिहावा हे पाठ करून आपण परीक्षा उत्तीर्ण झालो, कानाने ऐकून नव्हे. म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’ यांचा भेद आपल्याही कानास नीट लागत नाही. ‘बेड’ आणि ‘बॅड’ यांचे तसेच. या ‘ॲ’ला आणि ‘ऑ’ला शासनाने २००९ सालच्या निर्णयाने वर्णमालेत स्थान दिले, ही मोठी सोय झाली. मुलांच्या तक्त्यावर ही अक्षरे नसतील तर ती जरूर लिहावीत. ‘व’चे दोन इंग्रजी प्रकार मात्र आपण एकाच अक्षरात कोंबतो. त्याची फार चिंता करू नये, वाक्याच्या अर्थाने तो भेद बहुधा कळतो.

आणखी एक मौज आहे. काही इंग्रजी शब्द कानास अगदी मराठी वाटतात. ‘गिव्ह मी’ ऐकले की मूल ‘मी’ म्हणजे मीच असे समजते, वस्तुतः तेथे ‘मला’ असा अर्थ असतो. ‘दे’ म्हटले की त्यास वाटते काहीतरी द्यावयाचे आहे. ‘बस’ म्हटले की पहिलीतील मूल खरोखरच खाली बसते. ‘सून’ म्हणजे लवकर, घरातील सून नव्हे. अशा शब्दांची यादी मुलांकडूनच करवून घ्यावी. ती हसत हसत करतात आणि आयुष्यभर विसरत नाहीत.

शब्दसंग्रह कोठून आरंभावा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझे उत्तर असे की मुलाच्या घरी जे इंग्रजी शब्द आधीच आले आहेत तेथून. आपल्या तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत, तुमसर रोडहून तिरोडीस जाणारी रेल्वे आहे, धानाची भरडाई करणाऱ्या राइस मिल आहेत. खाणीत, रेल्वेत, गिरणीत ज्याचे वडील किंवा काका काम करतात त्या मुलाच्या तोंडी माइन, ड्यूटी, शिफ्ट, इंजिन, सिग्नल, मोटर, ट्रॅक्टर, स्विच, मीटर हे शब्द शाळेत येण्यापूर्वीच असतात. एकदा एका वर्गात मी मुलांना घरी ऐकलेले इंग्रजी शब्द सांगावयास सांगितले. फळा भरला आणि खडू संपला, तरी मुले थांबेनात. आपल्याला इंग्रजी येत नाही असे समजणाऱ्या त्या वर्गास तो फळा पाहून वाटलेले आश्चर्य अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

परंतु हे शब्द आपल्या घरी राहून आपल्या वळणाचे झाले आहेत. लँटर्नचे लालटेन झाले, ग्लासचा गिलास झाला, स्टेशनचे टेसन झाले, रिपोर्टची रपट झाली. जोडाक्षर आले की आपली जीभ मध्ये एक स्वर घालते किंवा एक व्यंजन गाळते. इंग्रज जेथे स्वर गिळतो, तेथे आपण नवीन स्वर आणून बसवितो! त्यामुळे ‘स्पोर्ट’ आणि ‘सपोर्ट’ हे दोन निराळे शब्द एकच वाटू लागतात. तेव्हा मुलाने ‘गिलास’ म्हटले तर ‘चूक’ म्हणू नये. ‘तुझ्या घरचा गिलास, इंग्रजाच्या घरचा ग्लास’ असे म्हणून दोन्ही रूपे लागोपाठ ऐकवावीत. अर्थ त्यास आधीच ठाऊक आहे, कानास नवे रूप तेवढे दाखवावयाचे आहे. एका शब्दाचे असे अर्धे काम घरानेच केलेले असते, आणि ते आपण वाया घालवितो.

आता एका नाजूक गोष्टीस हात घालतो. आपल्यापैकी पुष्कळजण इंग्रजीच्या तासाला फळ्यावर लिहितात फार आणि बोलतात थोडे. कारण विचारले तर उत्तर मिळते, “आमचाच उच्चार शुद्ध नाही, मुलांस काय ऐकवावे?” या संकोचाचे मोल मुलांना भरावे लागते. लिहिलेला शब्द कानात जात नाही. गुरुजींचा उच्चार थोडा सदोष असला तरी तो शांततेपेक्षा लाखपटीने बरा. आर. के. बन्सल नावाच्या विद्वानांनी भारतीयांचे इंग्रजी परक्या श्रोत्यांस कितपत कळते याचा अभ्यास केला. तो हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने १९६९ साली प्रसिद्ध केला. न कळण्याच्या प्रमुख कारणांत शब्दावरील जोर चुकीच्या जागी पडणे हे त्यांना आढळले. मला त्यातून धीर आला. आपल्या ‘ट’ला इंग्रजी ‘ट’ करण्याची धडपड न करता जोर कोठे पडतो एवढे शब्दकोशात पाहून घेतले तर पुष्कळ काम झाले. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात शब्द ऐकविणारा कोश आहे. पाठ घेण्यापूर्वी पाच शब्द ऐकून घेण्यास दोन मिनिटे लागतात.

यंत्राच्या मदतीची परंपराही आपल्या राज्यात आहे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ नावाचा आकाशवाणीवरील कार्यक्रम मराठी शाळांसाठी तयार केला होता. त्यात निवेदक सूचना देई आणि मुले वर्गात बसून उत्तरे देत. गुरुजींचे इंग्रजी कसेही असो, मुलांच्या कानावर दुसरा आवाज पडे, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. दुसरा आवाज ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूल एकाच गुरुजींच्या तोंडून शब्द ऐकते तेव्हा ते शब्दाबरोबर गुरुजींचा आवाज, खोकला, हातवारे हे सारेच पाठ करते. मग परीक्षेला दुसऱ्या बाई आल्या की ओळखीचा शब्द अनोळखी होतो. यावर एक बिनखर्ची उपाय आहे. शेजारच्या दोन शाळांतील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गावर जावे. ते न जमल्यास चार वाक्ये मोबाईलवर वाचून एकमेकांस पाठवावीत. द्विशिक्षकी शाळेतही एवढे सहज होण्याजोगे आहे.

शब्द किती शिकवावेत, याविषयीही थोडे. मायकेल वेस्ट यांनी पूर्वी बंगालमध्ये, ढाक्यास, शिक्षणक्षेत्रात काम केले होते. त्यांनी १९५३ साली सर्वसामान्य उपयोगाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, ती आजही अभ्यासकांस मार्गदर्शक वाटते. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली असा हिशेब मांडला, की बोललेले इंग्रजी सहजपणे समजण्यास सहा ते सात हजार शब्दकुळे माहीत असावी लागतात. शब्दकूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपे. हा आकडा ऐकून कोणी घाबरू नये. तो मोठ्या माणसांच्या गप्पा आणि चित्रपट समजण्यासाठी आहे. प्राथमिक शाळेच्या चार-पाच वर्षांत कानाने पक्के ओळखता येणारे काही शे शब्द झाले तर मी समाधानी होईन. आठवड्यास सहा शब्द म्हटले तरी वर्षास दोनशेच्या आसपास होतात. वहीतील हजार शब्दांपेक्षा कानातील तीनशे शब्द परीक्षेत अधिक कामास येतात.

‘कानाने पक्के’ म्हणजे काय, याची माझी कसोटी कठोर आहे. वर्गाच्या मागे उभे राहून, फळ्यावर काही न लिहिता, साध्या वेगाने, वाक्यात तो शब्द उच्चारावा आणि मुलाने लगेच काहीतरी करून दाखवावे, वस्तू उचलावी, चित्रावर बोट ठेवावे, दाराकडे जावे. अमेरिकेतील जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात हीच रीत पुढे आणली, ऐकावे आणि अंगाने उत्तर द्यावे, बोलण्याची घाई करू नये. आपल्या घरातील तान्हे मूलही तसेच करते. ‘चांदोबा कुठे?’ म्हटले की बोलता येण्याच्या कितीतरी आधी ते वर पाहते. वर्गाच्या मागे उभे राहण्याचे कारण मात्र ॲशरसाहेबांच्या ग्रंथात नसावे, ते आपल्या वर्गातले आहे. समोर उभे राहिले की मुले शब्द ऐकत नाहीत, गुरुजींची भुवई वाचतात. बरोबर उत्तराजवळ बोट आले की भुवई आपोआप हलते, आणि या कलेत आपली मुले फार निष्णात आहेत.

परीक्षेच्या दिवशी आणखी एक चूक आपण दयाबुद्धीने करतो. मुलांना कळावे म्हणून वाक्य तोडून तोडून वाचतो, ‘द... काऊ... इज...’ असे. अशा वाचनात ना जोर राहतो, ना शब्दांची जोड. सर्व वर्षभर असे ऐकलेले मूल पुढे एखाद्या माणसाने साधेपणाने बोललेले इंग्रजी ऐकले की हतबल होते. त्यापेक्षा वाक्य सहज वेगाने वाचावे आणि हवे तर पूर्ण वाक्य पुन्हा वाचावे. दोन वाचनांमध्ये थोडे थांबावे, तेवढ्या वेळात मूल मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा ऐकते. आणि मराठीत अर्थ सांगावयाचाच असेल तर तो चाचणी संपल्यावर सांगावा.

स्पेलिंगला माझा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. स्पेलिंग आलेच पाहिजे. आठवड्यातील पहिले तीन दिवस शब्द केवळ ऐकावा आणि करून दाखवावा, चौथ्या दिवशी मुलांनी बोलावा, पाचव्या दिवशी फळ्यावर पाहावा आणि लिहावा. प्रत्येक गुरुजींना हा क्रम आपापल्या वर्गाप्रमाणे पुढेमागे करता येईल. शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांची वही ज्यांना ठेवावयाची आहे त्यांनी ती अवश्य ठेवावी. फक्त तिसरा रकाना आखावा, आणि वर्गामागून ऐकवून मुलाने शब्द ओळखला की त्यात बरोबरची खूण करावी. ज्या शब्दापुढे खूण नाही तो अजून शिकून झालेला नाही, असे समजावे. मी आरंभी सांगितलेल्या मुलीची वही अशी आखली असती, तर तिसरा रकाना सगळा कोरा निघाला असता आणि माझी चूक मला जूनमध्येच दिसली असती. ती मार्चमध्ये दिसली.

एका शिक्षिकेने भाषणापूर्वी मला विचारले की दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात तेथे हे कसे साधावे. अशा वर्गात उलट सोय आहे, असे मला वाटते. तिसरीस करून दाखविण्याच्या सूचना चालू असताना चौथी लिहिण्याचे काम करते, पण तिचा कान उघडाच असतो. मागील वर्षीचे शब्द तिच्यावर पुन्हा पुन्हा पडतात, त्यासाठी वेगळा तास लागत नाही. फक्त सूचना मोठ्याने आणि पूर्ण वाक्यात द्याव्यात.

पुढील सभेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील मुलांनी घरून आणलेले वीस इंग्रजी शब्द, घरच्या उच्चारासह, लिहून आणावेत. ते एकत्र करून या केंद्रासाठी एक यादी करता येईल. त्याच सभेत आपणा सर्वांची एक लहानशी श्रवणपरीक्षाही घ्यावी असा माझा विचार आहे. उतारा मी निवडीन, वाचणारे दुसऱ्या केंद्रातील एक शिक्षक असतील, आणि तो एकदाच वाचला जाईल.